विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये व्हिडिओची ने-आण: नेमकं कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

लग्नाचं शूटिंग विंडोजच्या लॅपटॉपवर उतरवलेलं असतं, एडिटरकडे मॅक असतो आणि घरच्यांना तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावायचा असतो. या प्रवासात कुठेतरी ‘फाइल चालत नाही’ हे वाक्य ऐकू येतंच. या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. डिस्कच वाचता येत नाही, ही पहिली. डिस्क वाचली जाते, फाइल दिसते, पण आतलं चित्र किंवा आवाज उघडत नाही, ही दुसरी. फाइल अर्धवट किंवा बिघडून आली, ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तरीही बहुतेक जण सरसकट ‘कन्व्हर्ट’ करायला बसतात, चार तास घालवतात, चित्राचा दर्जा घसरवतात आणि शेवटी कळतं की दोष पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये होता. कन्व्हर्ट करणं हा शेवटचा उपाय आहे. आधी तक्रार कोणती ते ओळखा.

डिस्कचा फॉरमॅट

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत. विंडोजची डिस्क सहसा एनटीएफएस फॉरमॅटची असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहू देत नाही. म्हणून एडिटर फुटेज घेऊ शकतो, पण तयार फाइल त्याच डिस्कवर परत टाकू शकत नाही. मॅकच्या एपीएफएस डिस्कची गत याहून वाईट, कारण विंडोजला ती ओळखूच येत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोज किंवा मॅकला सरळ लावून उघडत नाही.

इथे एक धोका आहे. मॅकची डिस्क विंडोजला लावली की ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट येऊ शकते आणि ‘फॉरमॅट डिस्क’ हे बटण समोरच असतं. ते दाबू नका. डिस्क धडधाकट आहे, फक्त विंडोजला तिची भाषा कळत नाही. ‘कॅन्सल’ करा आणि डिस्क काढून घ्या. मॅकवरही ‘ही डिस्क वाचता येत नाही’ असा संदेश येतो. तिथे ‘इजेक्ट’ निवडा, ‘इनिशियलाइझ’ नाही.

जुने पेनड्राइव्ह फॅट३२ असतात. ते सगळीकडे चालतात, पण एका फाइलची मर्यादा ४ जीबी. आयफोनवर ४के, सेकंदाला ३० फ्रेम आणि हाय एफिशियन्सी अशा सेटिंगला एका मिनिटाचे साधारण १७० एमबी होतात. म्हणजे सलग पंचवीस मिनिटांच्या चित्रीकरणात मर्यादा संपली. गंमत म्हणजे पेनड्राइव्हमध्ये ५० जीबी जागा मोकळी असूनही विंडोज म्हणतं, ‘फाइल या डिस्कसाठी फार मोठी आहे’. लोक मग नवा पेनड्राइव्ह विकत आणतात.

तिन्ही संगणकांवर वाचायला आणि लिहायला चालणारा फॉरमॅट म्हणजे एक्सफॅट. मॅकमध्ये तो २०१० पासून, १०.६.५ या आवृत्तीपासून आहे. लिनक्समध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून तो आतच येतो. त्याआधीच्या लिनक्सवर वेगळं पॅकेज टाकावं लागतं. ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डंही कारखान्यातूनच एक्सफॅट येतात.

शक्य असेल तर फॉरमॅट विंडोजवरच करा. ‘धिस पीसी’मध्ये डिस्कवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट, ॲलोकेशन युनिट साइज आहे तसं ठेवा (३२ जीबीच्या वरच्या डिस्कला १२८ केबी येतं), ‘क्विक फॉरमॅट’ला टिक, मग ‘स्टार्ट’. मॅकवरच करायचं असेल तर ‘डिस्क युटिलिटी’ उघडा आणि पहिल्यांदा ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळली की डाव्या बाजूला फक्त आतला विभाग दिसतो, डिस्कची जुनी मांडणी तशीच राहते आणि टीव्ही किंवा कॅमेरा ती डिस्क नाकारू शकतो. सगळ्यात वरचं, कंपनीच्या नावाचं चिन्ह निवडून ‘इरेज’ दाबा. फॉरमॅट एक्सफॅट. खालच्या ‘स्कीम’मध्ये फक्त संगणकांसाठी ‘ग्विड पार्टिशन मॅप’, आणि डिस्क टीव्हीलाही लावायची असेल तर ‘मास्टर बूट रेकॉर्ड’. मात्र मास्टर बूट रेकॉर्ड २ टीबीपर्यंतच कामाचा. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं जातं, हे सांगायला नकोच.

एक्सफॅटचा एक कच्चा दुवा आहे. एनटीएफएस किंवा एपीएफएसप्रमाणे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंदवही तो ठेवत नाही. कॉपी चालू असताना, किंवा नुकती संपल्यावर, वायर ओढली तर हिशेब चुकतो. मग ती डिस्क मॅकला लावली की बराच वेळ फाइंडरमध्ये (मॅकवर फाइल्स दाखवणारी खिडकी) दिसतच नाही आणि लोक ती मेली असं समजतात. ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून पाहिलं तर एफएससीके नावाने सुरू होणारं काम चाललेलं दिसतं: मॅक डिस्क तपासत असतो. मोठ्या डिस्कला यात बराच वेळ जातो, तो जाऊ द्यावा. घाई असेल तर डिस्क विंडोजला लावा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’, तिथे ‘चेक’. आणि पुढच्या वेळी ‘इजेक्ट’ करूनच काढा.

मॅकवरून एक्सफॅटवर टाकलेल्या प्रत्येक फाइलशेजारी टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी, काही केबींची जोडफाइल तयार होऊ शकते. मॅकवर ती लपलेली राहते, पण टीव्हीवर ‘हळद’ नावाचे दोन व्हिडिओ दिसतात आणि त्यातला एक चालत नाही. पाहुण्यांसमोर नेमका तोच लावला जातो. तिच्यात मॅकचीच जादा माहिती असते, चित्र-आवाज नसतो. पेनड्राइव्ह देण्याआधी विंडोजवर लपलेल्या फाइल्स दाखवायला लावून ती खुशाल पुसा.

फाइलचं नाव

मॅकवर ‘हळद/साखरपुडा’ असं नाव देता येतं. विंडोजला नावात \ / : * ? " < > | यांपैकी एकही चिन्ह चालत नाही, आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागाही नको. तारीख १२/०५ अशी न लिहिता १२-०५ लिहा. लिनक्समध्ये इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे तिथे एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने राहणाऱ्या दोन फाइल्स विंडोजवर एकमेकींवर चढतात. फोल्डरात फोल्डर करत गेलात तर विंडोजची जुनी मर्यादाही आठवा: पूर्ण मार्गाची लांबी २६० अक्षरं. नावात देवनागरी असली तरी मोजणी होतेच, काना-मात्रासुद्धा वेगळ्या मोजल्या जातात.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे आणि ती ‘ऱ’ या अक्षरात आहे. ‘दुसऱ्या दिवसाचं शूटिंग’ या नावातला ‘ऱ’ दोन पद्धतींनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना अशा अक्षराची फोड करते, विंडोज जसं टाइप केलं तसं ठेवतं. परिणाम असा की तोच फोल्डर मॅककडून परत आला की विंडोजवर किंवा लिनक्सवर एकाच नावाच्या दोन फाइल्स शेजारीशेजारी बसतात, किंवा एडिटिंगचा प्रोजेक्ट ‘मीडिया ऑफलाइन’ म्हणून लाल होतो आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. कामाच्या फाइल्सना इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरावेत, मराठी नाव अंतिम प्रतीला द्यावं. मराठीचा अभिमान इथे थोडा बाजूला ठेवलेला परवडतो.

डबा आणि त्यातला माल

फाइल दिसते पण चालत नाही, तेव्हा एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नावं फक्त डब्याची आहेत हे लक्षात घ्या. आत चित्र एका पद्धतीने दाबलेलं असतं, आवाज दुसऱ्या. त्या पद्धतींना कोडेक म्हणतात. एमओव्हीचं नाव बदलून एमपी४ केलं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलली, डाळ तीच.

लक्षणांवरून निदान होतं. आवाज येतो पण पडदा काळा: चित्राचा कोडेक नाही, बहुधा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून याच पद्धतीने रेकॉर्ड करू शकतो. विंडोजमध्ये त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक जोड-सॉफ्टवेअर लागतं. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ते आधीच घातलेलं असतं, म्हणून एकाच्या लॅपटॉपवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही: ध्वनीचा कोडेक. मॅकच्या क्विकटाइमवर फाइल अजिबात उघडत नाही आणि ती एमकेव्ही आहे: क्विकटाइमला तो डबाच चालत नाही, आत काय आहे हा पुढचा प्रश्न. लिनक्सच्या फेडोरा या आवृत्तीमध्ये एच.२६४ हा सर्रास वापरला जाणारा चित्राचा कोडेकसुद्धा सुरुवातीला चालत नाही, कारण पेटंटच्या भानगडीमुळे ते कोडेक सोबत दिले जात नाहीत.

फक्त पाहायचं असेल तर तिन्ही संगणकांवर मोफत मिळणारा व्हीएलसी टाका, विषय संपला. शिवाय व्हीएलसी निदानालाही उपयोगी आहे. फाइल चालू असताना ‘टूल्स’मधलं ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. मॅकवर ते ‘विंडो’ मेनूतल्या ‘मीडिया इन्फर्मेशन’मध्ये असतं. चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीचे, फ्रेम किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

माल ठीक आहे, डबाच अडतोय असं दिसलं (उदाहरणार्थ एमकेव्हीच्या आत चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी), तर कन्व्हर्ट करू नका, डबा बदला. ‘लॉसलेसकट’ हे मोफत सॉफ्टवेअर तिन्हींवर चालतं: फाइल ओढून टाका, बाहेर पडणारा फॉरमॅट एमपी४ निवडा, ‘एक्स्पोर्ट’ दाबा. चित्राला हात लागत नाही, म्हणून दर्जा तोच राहतो. वेळ जवळपास साध्या कॉपीइतकाच लागतो.

खरंच नवीन पद्धतीत रूपांतर करावं लागलं तर ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ‘प्रीसेट’ फास्ट १०८०पी३०, डबा एमपी४. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये एच.२६४, आणि दर्जाची सरकपट्टी २० ते २२ वर. आकडा जितका लहान तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी, हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. ४के फाइल ४केच ठेवायची असेल तर त्याच आकाराचं प्रीसेट घ्या आणि पट्टी २४ च्या आसपास ठेवा. फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’. मोबाइल प्रकाश बदलला की सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअरना हे झेपत नाही आणि अर्ध्या तासाच्या कीर्तनात शेवटी शेवटी ओठ एकीकडे, अभंग दुसरीकडे असं होतं. कॉन्स्टंट केल्यावर ते थांबतं.

आयफोनचा व्हिडिओ विंडोजवर फिकट किंवा भगभगीत दिसत असेल तर तो बहुधा एचडीआरमध्ये आहे, म्हणजे उजेड आणि अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत. यापुढच्या शूटिंगसाठी फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, ‘रेकॉर्ड व्हिडिओ’, तिथे ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद करा. आणि फोन वायरने विंडोजला जोडून कॉपी करताना मध्येच ‘सिस्टिमला जोडलेलं उपकरण काम करत नाही’ अशी चूक आली तर वायर बदलत बसण्याआधी फोनमध्ये ‘फोटोज’च्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ पाहा. ते ‘ऑटोमॅटिक’वर असलं की फोन पाठवता पाठवता रूपांतर करायला जातो आणि दमतो. ‘कीप ओरिजिनल्स’ करा.

वायर, वाय-फाय की पेनड्राइव्ह

५० जीबी फुटेजचा हिशेब करू. गिगाबिट लॅनवर (वायरच्या नेटवर्कवर) सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे आठ मिनिटांच्या आत काम होतं. यूएसबी २ वर ३० एमबी धरले तर जवळपास अर्धा तास. मधला स्विच किंवा राउटर जुना, १०० मेगाबिटचा असेल तर ११ एमबी, म्हणजे सव्वा तास. टाइप-सी वायर दिसायला सारखीच असते, पण मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली बऱ्याचदा आतून यूएसबी २ च असते. हजारो रुपयांची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घेऊन ती अशा वायरने जोडली की वेग तीसवर येतो. एसएसडीच्या खोक्यातली वायर जपून ठेवा.

दोन संगणक एकाच टेबलावर असतील तर राउटरचीही गरज नाही. साधी लॅन केबल एकातून दुसऱ्यात लावा. दोघेही स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देतात आणि तेवढ्यावर काम होतं.

आता शेअरिंग. मॅकचा फोल्डर विंडोजवरून उघडायचा तर मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘शेअरिंग’, तिथे ‘फाइल शेअरिंग’ चालू करा. शेजारच्या गोल ‘आय’वर क्लिक करून फोल्डर जोडा. मग ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली आपल्या खात्याला टिक करा आणि पासवर्ड द्या. ही शेवटची टिक राहिली की विंडोज पासवर्ड मागत राहतं आणि बरोबर पासवर्डही चूक ठरवतं. विंडोजच्या एक्सप्लोररमधल्या पत्त्याच्या पट्टीत दोन मागे झुकलेल्या रेघा (\\) आणि पुढे मॅकचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५, इंग्रजी आकड्यांत टाइप करा.

उलट दिशेला, विंडोजवर फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शेअरिंग’, ‘शेअर’, आणि आपलं खातं ‘रीड/राइट’ने जोडा. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर फायरवॉल दार उघडत नाही. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के या कळा एकत्र दाबा आणि एसएमबी, कोलन, पुढे झुकलेल्या दोन रेघा, मग विंडोजचा पत्ता लिहा. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्येही हाच पत्ता चालतो. इथे सगळ्यात जास्त लोक अडतात ते पिनवर. विंडोजमध्ये रोज चार आकडी पिन टाकून आत जाता, पण तो पिन त्या यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नाव म्हणून पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो बहुतेकांना आठवत नाही. अशा वेळी फक्त शेअरिंगसाठी विंडोजवर एक वेगळं स्थानिक खातं उघडणं सोपं जातं. लिनक्सवर सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) वापरून फोल्डर शेअर केला असेल तर सांबाचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डपासून स्वतंत्र असतो आणि तो निराळा ठरवावा लागतो.

पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी दुसरा संगणक दिसतच नाही? दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत का पाहा. ‘गेस्ट’ वाय-फायवर जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय केलेली असते. मंगल कार्यालयातल्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायवर याच कारणाने डोकेफोड होते.

एवढा उपद्व्याप एकदाच करायच्या कामासाठी नको असेल तर ‘लोकलसेंड’ घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन सगळ्यांवर चालतं, इंटरनेट लागत नाही, आणि फाइल जशीच्या तशी जाते. एकाने पाठवायचं, दुसऱ्याने ‘ॲक्सेप्ट’ म्हणायचं. रोजच्या एडिटिंगला शेअर केलेला फोल्डर बरा, एकदाच्या देवाणघेवाणीला हे.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत मूळ फाइल जाते. पुण्याहून परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचं असेल तर गूगल ड्राइव्ह आहेच, पण मोफत १५ जीबी ही जीमेल आणि फोटोंसकट आहे. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर १० जीबीला साधारण अर्धा तास. तोवर लॅपटॉप झोपणार नाही याची तजवीज करा.

फाइल पूर्ण आली का

मॅक ५० जीबी दाखवतो, विंडोज ४६.५. काहीही हरवलेलं नाही. मॅक १००० ने भागतो, विंडोज १०२४ ने. तुलना करायची तर जीबीची नको, बाइट्सची करा. विंडोजवर ‘प्रॉपर्टीज’, मॅकवर ‘गेट इन्फो’, दोन्हीकडे पूर्ण आकडा असतो. विंडोजमध्ये ‘साइज’ पाहा, ‘साइज ऑन डिस्क’ नको, ती डिस्कप्रमाणे बदलते.

बाइट्स कमी भरले तर कॉपी मध्येच तुटली. कॅमेऱ्याच्या एमपी४ आणि एमओव्हीमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिलेली असते, म्हणून ९९ टक्के आलेली फाइलसुद्धा अजिबात उघडत नाही. एमकेव्ही मात्र आली तिथपर्यंत चालते. अशी एमपी४ कन्व्हर्ट करायला जाऊ नका, पुन्हा कॉपी करा. मूळच तुटलेलं असेल, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी गेली असेल, तर ‘अनट्रंक’ नावाचं मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगला काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. ती आत्ताच काढून ठेवा, सेटिंग बदलण्याआधी.

बाइट्स जुळले तरी आतला मजकूर बिघडलेला असू शकतो. ‘फ्रीफाइलसिंक’ हे फोल्डरची तुलना करणारं सॉफ्टवेअर तिन्हींवर चालतं. त्यात तुलनेचा प्रकार ‘फाइल कंटेंट’ निवडला की दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर वाचून फरक दाखवतं. ५० जीबीला वेळ लागतो, पण मुहूर्त पुन्हा चित्रित करता येत नाही. कार्डावरून उतरवताना फक्त व्हिडिओ न उचलता पूर्ण फोल्डररचना जशीच्या तशी घ्या. काही कॅमेरे एका लांब चित्रीकरणाचे तुकडे करतात आणि ते जोडायची माहिती शेजारच्या छोट्या फाइल्समध्ये ठेवतात. दोन वेगळ्या डिस्कवर तपासलेल्या प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका, आणि करायचं तेव्हा संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच करा.